गूगल अलर्ट : एकदा विषय द्या, नवीन माहिती मेलवर मिळवा



गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी गणितात सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा, पण वाचायला उभं केलं की 'मगर'चं 'गमर' व्हायचं. आधी मी त्याला आळशीच समजले. (आता लिहिताना लाज वाटते.) पुढे कृतिसंशोधनाला हाच विषय घेतला. रोज रात्री नेटवर शोधायचे, तेच तेच सापडायचं. चार दिवसांत कंटाळले. मग एका मैत्रिणीने गूगल अलर्ट दाखवला.

ही सोय 2003 पासून आहे, तीही मोफत. आपण एक विषय देऊन ठेवायचा. त्यावर नवीन पान गूगलला सापडलं की लिंक ईमेलवर येते. गूगल डॉट कॉम स्लॅश अलर्ट्स उघडा, चौकटीत विषय लिहा, 'शो ऑप्शन्स'वर क्लिक करा. मेल लगेच हवा, रोज की आठवड्यातून एकदा, ते तिथे ठरवता येतं. आपल्याला आठवड्याचाच बरा.

खरी मेख शब्द निवडण्यात आहे. मी नुसतं 'वाचन' दिलं, तर 15 ऑक्टोबरच्या सुमारास वाचन प्रेरणा दिनाच्या बातम्यांचा पाऊस! सगळे हारतुरे आणि फोटो. मग "वाचन अक्षमता" असं दुहेरी अवतरणात लिहिलं. असं केलं की ते शब्द सलग असलेली पानंच शोधली जातात. नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह लावायचं, मध्ये जागा न सोडता : वाचन -प्रेरणा. 'डिस्लेक्सिया'चा इंग्रजी स्पेलिंगने वेगळा अलर्ट ठेवा.

संशोधन लेखांसाठी गूगल स्कॉलरवर शोधा. तिथे डावीकडे पाकिटाच्या चिन्हाशी 'क्रिएट अलर्ट' असतं. लेख मोफत असेल तर उजवीकडे पीडीएफ दिसते.

अलर्टमध्ये 'सात दिवसांत डिस्लेक्सिया बरा' छापाच्या जाहिरातीही येतात बरं का! कोणी लिहिलंय, कुठे छापलंय हे बघितल्याशिवाय वर्गात काही करू नका. पण अशाच एका मेलमधून मला कळलं, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. ते पान छापून मुलाच्या आईला दाखवलं, तेव्हा कुठे ती तपासणीला तयार झाली. वडील अजून "मोठा झाला की येईल वाचायला" म्हणतात. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

हो, अलर्ट बंद करायचा असेल तर मेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' असतं.