सीईओ, पण कशाचे?

धाराशिव जिल्ह्यात 'सीईओ साहेब' म्हटलं की बहुतेकांना जिल्हा परिषद आठवते. 1961च्या कायद्यानुसार राज्य सरकारने नेमलेला हा अधिकारी सहसा भारतीय प्रशासकीय सेवेतला असतो, आणि शाळांपासून आरोग्य केंद्रांपर्यंतच्या कारभाराची सूत्रं त्याच्याकडे असतात. त्याच जिल्ह्यात सोयाबीन खरेदी करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीलाही सीईओ असतो. दहा शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी निघते आणि तिला पूर्णवेळ सीईओ नेमावाच लागतो, तोही सभासदांबाहेरचा. काटा, बारदाना, हिशेब, बँकेचे हेलपाटे बहुधा याच्याच गळ्यात. पदनाम दोघांचं एकच. अधिकार मात्र नेमलं कुणी, सही कशावर चालते आणि काढू कोण शकतं, यावर ठरतो.

साखर कारखान्यांत हे आणखी स्पष्ट दिसतं. ढोकीचा तेरणा किंवा नळदुर्गचा तुळजाभवानी यांसारख्या सहकारी कारखान्यात संचालक सभासदांच्या मतांवर निवडून येतात. 'कार्यकारी संचालक' मात्र पगारी अधिकारी, आणि शेवटचा शब्द बहुधा चेअरमनचाच. रांजणीचा नॅचरल शुगर ही कंपनी आहे. तिथे 2013चा कंपनी कायदा लागू होतो. त्यात व्यवस्थापकीय संचालक म्हणजे कारभाराचे भरीव अधिकार सोपवलेला संचालकच. पण सीईओ कोण? कंपनीने ज्याला सीईओ म्हटलं तो! व्याख्या एवढीच. उत्पादक कंपन्यांच्या तरतुदीत तर 'कोणत्याही नावाने संबोधलेला' असा मुख्य कार्यकारी नेमा, असं म्हटलं आहे. म्हणजे कायदाच नावाला फार किंमत देत नाही.

पुण्याला नोकरीला जाणाऱ्या मुलांना हे लवकर कळावं. टीसीएसमध्ये सगळेच कर्मचारी 'असोसिएट'. कॉग्निझंटमध्ये ती नवख्यांच्या वरची पायरी. वकिलांच्या फर्ममध्ये असोसिएट म्हणजे पगारी वकील. मोठ्या गुंतवणूक बँकेतला 'व्हाइस प्रेसिडेंट' मधल्या फळीतला असतो, आणि त्याच्यासारखे शेकडो असतात. पगार वाढवायला पैसे लागतात, पदनाम वाढवायला फक्त नवं व्हिजिटिंग कार्ड. शिवाय ग्राहकाला 'मॅनेजर'शीच बोलायचं असतं.

यावर कुणी म्हणेल, पदाला मान असतो, सोयरिकीतही विचारतात. विचारतात खरं, पण कर्ज देणारी बँक पगारपत्रक आणि फॉर्म 16 मागते, कार्ड नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारने सर्वांसाठी एकच उतरंड का ठरवू नये? केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात 18 स्तर आहेतच. ते जमतं, कारण तिथे मालक एक आहे. दहा माणसांची कंपनी आणि लाखोंची कंपनी एका शिडीवर बसवली, तर पाट्या सारख्या होतील, कामं नाहीत. न्यायालयही कामच बघतं. करोना साहू या पादत्राण कंपनीच्या दुकान-व्यवस्थापकाला कामगार मानायचं का, हा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पदनामापेक्षा मुख्य काम तपासलं. त्याच्याकडे खरोखरच व्यवस्थापनाचे अधिकार होते, म्हणून कामगाराचं संरक्षण त्याला मिळालं नाही.

तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की पदनामाखालच्या ओळी आधी वाचा. वरिष्ठ कोण, किती खर्च स्वतःच्या सहीने मंजूर करता येईल, किती जणांच्या रजा तुमच्याकडे येतील, हे विचारा. आणि उत्तर लेखी मागा.