न निघालेला अंक

७ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात ‘चुगोकू शिंबून’ निघाला नाही. ८ तारखेलाही नाही. १८९२पासून चालत आलेलं हे दैनिक (नावातला ‘चुगोकू’ म्हणजे चीन नव्हे, होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाचा मुलूख) ६ ऑगस्टला अणुबॉम्ब पडून आपल्याच गावावर आकाश कोसळलं तेव्हा मुकं झालं. कचेरी स्फोटकेंद्रापासून सुमारे ९०० मीटरवर होती. तिथली दोन्ही रोटरी यंत्रं जळाली. ११४ कर्मचारी गेले; साधारण तिघांतला एक.

छापता येईना, तेव्हा वाचलेल्यांनी तोंडाने बातम्या दिल्या. लष्कराच्या हुकमावरून त्यांचं पथक उभं राहिलं आणि उपचार कुठे मिळतील, शिधा कुठे मिळेल, हे राखेतून फिरत ओरडून सांगू लागलं. वर्तमानपत्राचं याहून मूळ रूप मला तरी ठाऊक नाही. ९ तारखेपासून असाही, माइनिची यांसारख्या दैनिकांनी आपल्या छापखान्यांतून अंक छापून दिले. एक यंत्र आधीच गावाबाहेर नुकुशिनाला हलवलेलं होतं; ३ सप्टेंबरला ते सुरू झालं. दोनच आठवड्यांत माकुराझाकी वादळ आलं आणि तीही छपाई थांबली. मग जळक्या कचेरीतच परतून नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात.

याच दैनिकाचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे ६ तारखेला मियुकी पुलाशी पोचले होते. भाजलेल्या माणसांपुढे कॅमेरा धरायला हात धजेना. बऱ्याच वेळाने त्यांनी खटका दाबला. दिवसभरात फक्त पाच छायाचित्रं. त्या दिवशी शहरात माणसांचं काय झालं, हे जमिनीवरून दाखवणारी तेवढीच छायाचित्रं उरली आहेत. त्यांतली काही १९४६च्या जुलैत संध्याकाळच्या अंकात आली, तीसुद्धा अमेरिकी फौजांचे वृत्तनिर्बंध असताना. ती छापणाऱ्यांचं धैर्य मोठंच म्हणायला हवं.

पुढे १९६४मध्ये याच दैनिकाचे अग्रलेखक तोशिहिरो कानाई यांनी विचारलं, की अणुबॉम्ब जगाला ठाऊक आहे तो त्याच्या ताकदीसाठी, की त्याने माणसांवर आणलेल्या यातनांसाठी? बॉम्बपीडितांच्या हालअपेष्टांची श्वेतपत्रिका निघावी, ही त्यांची मागणी होती. या दैनिकाची पुढची सगळी वाटचाल मला त्या प्रश्नाच्या मागे चाललेली दिसते. पीडितांच्या घरी वर्षानुवर्षं जाऊन ऐकणं आणि लिहून ठेवणं, हे तिथल्या बातमीदारांचं नेमाचं काम झालं.

मात्र ७ तारखेची ती कोरी जागा राहिलीच होती. १९९५मध्ये, पन्नास वर्षांनी, ‘चुगोकू शिंबून’च्या कामगार संघटनेने ‘हिरोशिमा शिंबून’ नावाचा एक अंक काढला. त्यावर तारीख होती ७ ऑगस्ट १९४५.