मेसेज पोहोचला का, आईबाबा?

शाळेची वेबसाइट चकाचक, पोर्टल एकदम हाय-फाय. पण पोराचे तीन होमवर्क राहिलेत हे आईबाबांना कळतं कधी? बहुतेक वेळा थेट निकालाच्या दिवशी!

तुमची एखादी मैत्रीण नाहीतर चुलतभाऊ न्यू जर्सी किंवा बे एरियात असणारच. तिकडे पोर शाळेत जायला लागलं की एक नवा शब्द कानावर पडतो, स्कूल डिस्ट्रिक्ट. म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी यंत्रणा. अमेरिकेत अशी सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट्स आहेत. मार्क, हजेरी, होमवर्क, सगळं पेरेंट पोर्टलवर. लॉग-इन करा आणि बघा. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम हाच, की लॉग-इन करतं कोण?

फक्त एक टक्का!

वॉशिंग्टन डीसीतल्या १२ शाळांमध्ये पीटर बर्गमन, टॉड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. मूल गैरहजर राहिलं, होमवर्क बुडवला किंवा मार्क घसरले, की पालकांना एसएमएस. सर्व्हिस एकच, पण ती घ्यायचे रस्ते तीन. पहिल्या गटाला सांगितलं, वेबसाइटवर जाऊन नाव नोंदवा. शंभरातल्या जेमतेम एकाने नोंदवलं. दुसऱ्या गटाने एसएमएसला नुसतं ‘स्टार्ट’ असं उत्तर द्यायचं होतं. आकडा गेला दहाच्या आसपास. तिसऱ्या गटाला न विचारताच सामील केलं. नको असेल तर ‘स्टॉप’ लिहा. नव्वदहून जास्त टिकले! आणि मुलांचे मार्क सुधारले तेही याच गटात.

२०२०मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली गंमत म्हणजे शिक्षण क्षेत्रातल्या निर्णय घेणाऱ्यांना आधी अंदाज विचारला होता. तो सपशेल चुकला. पालक आपणहून येतील, असं त्यांना वाटत होतं.

नेमकं बोला

‘तुमच्या पाल्याकडे लक्ष द्या’ असल्या मेसेजने काय होणार? वेस्ट व्हर्जिनियातल्या २२ शाळांमध्ये कुठल्या विषयाचं काय राहिलंय, किती तास बुडले, हे नेमकं कळवलं. नापास होण्याचं प्रमाण पाव हिश्शाहून जास्त घटलं, वर्गातली हजेरी १२ टक्क्यांनी वाढली.

भाषेचंही तसंच. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा महत्त्वाच्या सूचना बंगाली आणि उर्दूतसुद्धा देतात. आईला वाचताच आलं नाही, तर मेसेज पोहोचून उपयोग काय?

पण याच न्यूयॉर्कचा १३ फेब्रुवारी २०२४ला पोपट झाला. बर्फामुळे शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. सकाळी हजारो मुलं लॉग-इनच करू शकली नाहीत. यंत्रणा कितीही मोठी असो, गर्दीच्या वेळी ती चालायला हवी.

आपल्याकडचा फंडा

आपल्याकडे पोर्टलची कसर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरून काढतो. पण उद्याच्या युनिट टेस्टची सूचना दीडशे ‘ओके मॅम’ आणि ‘गुड मॉर्निंग’खाली गाडली जाते, त्याचं काय?

पुढच्या पेरेंट्स मीटिंगला तीन गोष्टी मागून बघा:

• सूचनांचा ग्रुप वेगळा, तिथे फक्त शाळा बोलणार.
• पोराबद्दलची गोष्ट थेट आईबाबांच्या फोनवर, चारचौघांत नाही.
• काय राहिलंय आणि कधीपर्यंत करायचं, हे दोन ओळींत, घरात कळेल अशा भाषेत.

अ‍ॅप नवं नसलं तरी चालेल, बॉस. मेसेज वेळेत यायला हवा. तिमाहीला कळलं तर पोराला सावरता येतं. वार्षिकच्या निकालाला कळून फक्त रडता येतं.