केस गळतात, पण दोष पाण्याचाच का?

पुण्यात हडपसरमधल्या कुठल्याही सोसायटीत केसगळतीचा विषय काढा, पहिलं बोट टँकरच्या पाण्याकडे जातं. बाथरूमच्या जाळीवर अडकलेला पुंजका पाहून पोटात गोळा येतोच. पण शॅम्पू बदलण्याआधी कारण शोधा.

गैरसमज : बोअरच्या, टँकरच्या पाण्याने टक्कल पडतं.
वस्तुस्थिती : क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, टक्कल पडत नाही. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून आलाय, नाहीतर तुटलाय. २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत अनेकांचं टक्कल पडलं, तेव्हाही आधी संशय पाण्यावरच आला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना तिथे रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम या खनिजाचं प्रमाण फार जास्त आढळलं.

गैरसमज : रोज केस गळणं म्हणजे आजार.
वस्तुस्थिती : दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. भांग रुंदावला, वेणी बारीक झाली किंवा चाई पडली, तर मात्र दाखवून घ्या.

गैरसमज : आज गळतात, म्हणजे कालच काहीतरी चुकलं.
वस्तुस्थिती : दोन-तीन महिने मागे जा. डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइडचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून घटवलेलं वजन यांचा फटका केसांवर उशिरा दिसतो. अशी गळती बहुधा काही महिन्यांत थांबते, केसही परत येतात.

गैरसमज : केसांच्या गोळ्या कुणीही घ्याव्यात.
वस्तुस्थिती : शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही. काही गोळ्यांत सेलेनियम असतं. ते जास्त झालं तर उलट केसच गळतात.

गैरसमज : औषधाने महिन्यात फरक पडतो.
वस्तुस्थिती : आनुवंशिक टक्कलात मिनॉक्सिडिलचा परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात. सुरुवातीला काहींची गळती थोडी वाढते, आणि तिथेच घाबरून अनेकजण ते सोडून देतात. पोटात घ्यायचं फिनास्टेराइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर स्त्रियांनी तर ते घेऊच नये.

त्वचारोगतज्ज्ञ गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायला सांगतात. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं आणि घेतलेली औषधं कागदावर लिहून न्या. बऱ्याचदा कारण त्या कागदावरच सापडतं.