मर्जीचे राज्य

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील पूर्ण शहाणे, तर नाना फडणीस अर्धे गणले जात. १७७४ साली या दोघांनीच पुढाकार घेऊन बारभाईंच्या कारस्थानाने राघोबादादांना गादीवरून दूर केले. पुढे दादांशीच संधान बांधल्याच्या आरोपावरून १७७९ साली नानांनी बापूंना कैद केले. १७८१ साली रायगडावर कैदेतच त्यांचा अंत झाला. दैवगती अशी, की १७९७ च्या अखेरच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी खुद्द नानांनाच दग्याने पकडले व पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातही हेच घडले. राणी ॲन बोलीनला १५३६ साली मृत्युदंडापर्यंत पोहोचविण्यात मंत्री थॉमस क्रॉमवेलचा मोठा वाटा होता. १५४० साली त्याचाही शिरच्छेद झाला, तोही न्यायालयात बाजू मांडू न देता.

हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. अधिकार धन्याच्या मर्जीवर टिकतो, तेथे तुरुंगाची किल्ली फक्त हात बदलते. आज सरकारी कारकुनालाही आरोपपत्र व चौकशीवाचून सहसा बडतर्फ करता येत नाही. हे राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण. नियमांच्या या दिरंगाईला आपण नित्य नावे ठेवतो. परंतु बापूंना आणि क्रॉमवेलला नेमकी तीच लाभली नाही.