घरमालकाची दुरुस्ती कच्ची निघाली तर…

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

• पुरावा : गळती, ओल, निखळलेला गिलावा यांचे तारखेसह फोटो ठेवा.
• नोटीस : राहिलेली कामे नेमकी लिहून किमान 15 दिवसांची लेखी नोटीस पोस्टाने पाठवा.
• स्वतः दुरुस्ती : वाजवी मुदतीत काम न झाल्यास स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करा, वर्षाला मर्यादा वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांश.
• पावत्या : हिशेब आणि पावत्या जपा, खर्चाचा पुरावा त्याच.
• भाडे : पूर्ण थांबवू नका, थकबाकीवरून घर सोडावे लागू शकते.
• लिव्ह अँड लायसन्स : करारातली दुरुस्तीची अट सहीपूर्वीच वाचा.