विश्लेषण : लंडन पाहिले, राहते गाव राहून गेले? इंग्लंडच्या जुन्या बाजारगावात विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेला विद्यार्थी पहिली सुटी मिळताच लंडन गाठतो. बिग बेन, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा यांच्यासमोर छायाचित्रे निघतात. मात्र पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि ते वर्ष लंडनमध्ये नव्हे, तर एखाद्या छोट्या गावात जाते. परतताना लक्षात येते, की त्या गावातले वसतिगृह, ग्रंथालय आणि सुपरमार्केट यापलीकडे काहीच पाहिले नाही. लेस्टरशायरमधील लफबरा हे असेच विद्यापीठाचे गाव. इंग्रजी स्पेलिंग वाचून नवखा हमखास फसतो, असे त्याचे नाव. या गावात पाहण्यासारखे काय आहे आणि ते का पाहावे, याविषयी...

‘मार्केट टाउन’ म्हणजे नेमके काय?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कुणालाही वाटेल तिथे बाजार भरवता येत नसे. त्यासाठी राजाची सनद लागे. असा हक्क मिळालेले गाव म्हणजे ‘मार्केट टाउन’. दोन बाजारांत किती अंतर असावे, याचाही हिशेब होता. माणूस दिवसाला २० मैल चालतो असे धरून दिवसाचे तीन भाग केले जात. एक जाण्यासाठी, एक खरेदी-विक्रीसाठी आणि एक अंधार पडण्यापूर्वी घरी परतण्यासाठी. म्हणून शेजारच्या बाजारापासून ६ मैल आणि वर दोनतृतीयांश मैल, म्हणजे सुमारे पावणेअकरा किलोमीटरच्या आत नवा बाजार भरवणे हा उपद्रव मानला जाई. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात हा हिशेब मांडला आहे. थोडक्यात, ही गावे पायी येऊन त्याच दिवशी परतणाऱ्या माणसाच्या बेताने वसली. गाडी नसलेल्या आणि खिशात मोजके पैसे असलेल्या विद्यार्थ्याला ती आजही सोयीची वाटतात, त्याचे मूळ इथे आहे.

लफबराचा बाजार अजून भरतो का?

भरतो. तिसऱ्या हेन्री राजाने १२२१ मध्ये दिलेल्या सनदेपासून या बाजाराचा इतिहास सांगितला जातो. आठशे वर्षांनंतरही गुरुवारी आणि शनिवारी गावाच्या मधोमध पाले लागतात. भाजी, फळे, चीज, कापड, घरगुती वस्तू असा सगळा माल तिथे असतो. आपल्याकडच्या आठवडी बाजाराची सवय असलेल्याला हे दृश्य परके वाटणार नाही, फक्त घासाघीस जवळपास नसते. नोव्हेंबरमध्ये जत्रा भरते, तेव्हा गावातले मुख्य रस्ते वाहनांना बंद करून तिथेच पाळणे उभे राहतात. बाजारचौकात एका पायात मोजा घातलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. तो गावाच्या होजिअरी उद्योगाची आठवण. यंत्रांमुळे पोट जाईल या भीतीने ती फोडणाऱ्या ‘लुडाइट’ कामगारांनी जून १८१६ मध्ये याच गावातील हीथकोट यांच्या लेस कारखान्यावर हल्ला करून पन्नासहून अधिक यंत्रे मोडली. त्यानंतर काहींना फाशी झाली आणि हीथकोट यांनी आपला उद्योग डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनला हलवला. कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जातील का, यावर आज वर्गात चर्चा करणाऱ्यांनी या चौकात एकदा तरी थांबावे.

पर्यटनाच्या इतिहासात या गावाचे नाव का येते?

५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या दारूबंदी कार्यकर्त्याने लेस्टरहून सुमारे ५०० जणांना रेल्वेने दारूबंदीच्या सभेसाठी नेले. भाडे माणशी एक शिलिंग, अंतर जेमतेम ११ मैल. ही सहल लफबराला आली होती. याच उपक्रमातून पुढे जगभर सहली नेणारी थॉमस कुक कंपनी उभी राहिली. तिचा ब्रिटनमधील मूळ व्यवसाय सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाला. तरीही आगाऊ ठरवलेल्या, एकगठ्ठा भाड्याच्या सहलीची गोष्ट सांगताना सुरुवात याच गावापासून होते. ज्या गावी पहिली सहल आली, तिथे राहणारे विद्यार्थी सहलीसाठी दुसरीकडे धावतात, हा गमतीचा भाग.

घंटांचे गाव अशी ओळख कशामुळे?

जॉन टेलर यांच्या घराण्याचा घंटा ओतण्याचा कारखाना १८३९ पासून लफबरात आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील ‘ग्रेट पॉल’ ही १६ टनांहून अधिक वजनाची घंटा इथेच १८८१ मध्ये ओतली गेली. ती रस्त्याने लंडनला नेण्यास ११ दिवस लागले. लंडनमधील व्हाइटचॅपलचा प्रसिद्ध कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. त्यानंतर चर्चच्या मोठ्या घंटा ओतणारा ब्रिटनमधील प्रमुख कारखाना म्हणून लफबराचेच नाव उरले. कारखान्याला जोडून संग्रहालय आहे.

क्वीन्स पार्कमधील ‘कॅरिलॉन’ मनोरा हा याच कारागिरीचा दुसरा भाग. १५१ फूट उंचीचा हा मनोरा पहिल्या महायुद्धात पडलेल्या स्थानिक सैनिकांचे स्मारक म्हणून १९२३ मध्ये खुला झाला. त्यात ४७ घंटा आहेत. वादक लाकडी दांड्या मुठींनी दाबून त्यांवर सुरावट वाजवतो. उद्घाटनासाठी एडवर्ड एल्गर या संगीतकाराने खास रचना केली होती. सर्वांत मोठी घंटा टेलर घराण्याने आपल्या युद्धात मारल्या गेलेल्या तीन मुलांच्या स्मरणार्थ दिली. उन्हाळ्यात इथे वादन होते. ते ऐकायला तिकीट लागत नाही, बागेतला बाक पुरतो.

वाफेची रेल्वे अजून कशी धावते?

ग्रेट सेंट्रल रेल्वेचा लफबरातून जाणारा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. रेल्वेप्रेमींनी त्याचा काही भाग वाचवला. आज लफबरा सेंट्रल ते लेस्टर नॉर्थ या सुमारे आठ मैलांच्या मार्गावर वाफेची इंजिने धावतात. जुन्या रेल्वेमार्गांच्या जतनात दुहेरी मार्ग अत्यंत दुर्मीळ, तो इथे आहे. तिकीट तपासणीपासून रंगकामापर्यंत बरीचशी कामे स्वयंसेवक करतात. निवृत्त माणसे शनिवारी गणवेश चढवून फलाटावर उभी राहतात. परक्या मुलाने इंजिनाविषयी एक प्रश्न विचारला, तर उत्तर अर्धा तास चालू शकते. ज्यांना ‘इंग्रज माणूस बोलत नाही’ असे वाटते, त्यांनी हा प्रयोग करून पाहावा.

गावाबाहेर काय आहे?

जवळच चार्नवुडच्या टेकड्या आहेत. त्यातील बीकन हिलची उंची २४८ मीटर, म्हणजे पुण्याच्या सिंहगडापुढे किरकोळच, पण वरून दिसणारा मुलूख विस्तीर्ण. ब्रॅडगेट पार्कमध्ये १५५३ साली अवघे नऊ दिवस राणी ठरलेल्या लेडी जेन ग्रे हिच्या घराण्याच्या वाड्याचे अवशेष आहेत. पायी येणाऱ्याला तिथे प्रवेशशुल्क नाही.

याच टेकड्यांतील एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीला इथल्या खडकावर नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. एवढ्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाहीत, असे सांगून शिक्षिकेने विषय संपवला. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या मुलाला तो ठसा दिसला, त्याचे म्हणणे भूगर्भशास्त्रज्ञापर्यंत पोहोचले आणि सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘चार्निया’ या जीवाची जगाला ओळख झाली. जीवाच्या शास्त्रीय नावात मेसन आहे. टीना यांच्या वाट्याला श्रेय आले ते फार उशिरा. तो जीवाश्म लेस्टरच्या संग्रहालयात पाहता येतो.

खर्च आणि वेळ कसा बसवायचा?

शिक्षणाच्या व्हिसावर पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना सत्र सुरू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते. म्हणून शनिवार-रविवार अनेकदा कामातच जातो. त्यावर उपाय म्हणजे एका दिवसात सगळे उरकण्याचा हट्ट सोडणे. बाजार, मनोरा, घंटांचा कारखाना आणि वाफेच्या रेल्वेचे स्थानक हे सारे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहे. एका गुरुवारी बाजार, दुसऱ्या सुटीला रेल्वे, असे वाटून घेता येते. नेहमीच्या रेल्वेप्रवासात १६ ते २५ वयोगटासाठीच्या रेलकार्डावर भाड्यात एकतृतीयांश सवलत मिळते. पूर्णवेळ शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही ते काढता येते. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे टेकड्या ऑक्टोबरपूर्वी किंवा एप्रिलनंतर ठेवाव्यात. संग्रहालय आणि वाफेची रेल्वे रोज सुरू नसते, वेळापत्रक पाहूनच निघावे.

हे पाहणे का गरजेचे?

परदेशातील पहिला हिवाळा अनेकांना एकाकीपणाचा जातो. खोली आणि वर्ग यांच्यामध्ये तिसरी जागा नसली, की तो अधिकच लांबतो. दर गुरुवारी त्याच भाजीवाल्याकडे गेल्यास तिसऱ्या आठवड्यात तो ओळख दाखवतो. तिथून गाव आपले वाटू लागते. दुसरी बाजू गावाची. रेल्वे स्वयंसेवकांवर, संग्रहालय तिकिटांवर आणि बाजार गिऱ्हाइकांवर चालतो. मॉल आणि ऑनलाइन खरेदीच्या काळात आठशे वर्षांची सनद एकटी बाजार वाचवू शकत नाही. त्यासाठी पिशवी घेऊन येणारी माणसे लागतात. गावातल्या हजारो विद्यार्थ्यांनी ती पिशवी उचलली, तर वर्ष संपताना त्यांच्याकडे छायाचित्रांपलीकडचे काही उरेल आणि गुरुवारी पालेही लागत राहतील.